जमा आणि नावे

आयुष्यातली छत्तीस वर्षे मी एका बँकेत कीर्द आणि खतावणी लिहिण्यात घालवली. त्या नोकरीने मला श्रीमंती दिली नाही, पण एक खोड मात्र कायमची लावून दिली. कोणताही मोठा आकडा समोर आला, की तो नुसता पाहून माझे समाधान होत नाही. तो कशाकशातून जमला आणि त्याच्यासमोर नावे बाजूला काय पडले, हे कळल्याखेरीज मला चैन पडत नाही. माणसे ताजमहाल पाहून माना डोलावतात, आणि माझ्या मनात दगड वाहणाऱ्यांच्या मजुरीचा प्रश्न येतो. आमच्या घरच्या मंडळींना या खोडीचा कंटाळा आहे, आणि त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही.

खेळातल्या आकड्यांच्या बाबतीत ही खोड फारच बळावते. भाऊसाहेब निंबाळकरांचे नाबाद ४४३ हा आमच्या पिढीने पाळण्यात ऐकलेला आकडा. १९४८च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी काठियावाडच्या गोलंदाजांची दाणादाण उडवली. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विक्रमाला गाठायला नऊ धावा उरल्या असताना काठियावाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. त्या नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. लहानपणी हे ऐकून मला रात्री झोप येत नसे. पुढे मोठेपणी मी अशा एका माणसाची गोष्ट वाचली, की ज्याचा आकडा पुरा होऊ नये म्हणून त्याच्याच देशातले हजारो लोक टपून बसले होते. आणि त्याने तो पुरा केला.

त्याचे नाव हेन्री ॲरन. अमेरिका त्याला हँक म्हणे, आणि त्याच्या तडाख्यामुळे हातोडाही म्हणे.

माझी मुलगी अटलांटाला असते. २०१३ साली मी तिच्याकडे गेलो असता जावयांनी एके दिवशी मला एका वाहनतळावर नेले. “बाबा, तुम्हांला एक आकडा दाखवायचा आहे,” एवढेच ते म्हणाले. त्या उघड्या जागेवर पूर्वी एक मोठे क्रीडांगण होते. ते १९९७ साली पाडले. मात्र कुंपणाचा एक तुकडा तेवढा राखून ठेवला होता, आणि त्यावर ७१५ हा आकडा होता. ८ एप्रिल १९७४ च्या रात्री ॲरनने मारलेला चेंडू तिथून पलीकडे गेला होता. ऊन बरेच होते. जावई गाडीत जाऊन बसले, तरी माझा पाय तिथून निघेना. जमेची बाजू समोर दिसत होती. दुसरी बाजू कुठे लिहून ठेवली असेल, हा विचार काही केल्या सुटेना.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा आणि आपल्या विटीदांडूचा कोणी दूरचा चुलतभाऊ. साठ फूट सहा इंचांवरून एकजण चेंडू फेकतो. तो टप्पा न घेता ताशी नव्वद मैलांच्या आसपास वेगाने येतो, आणि त्याला मारायची बॅट असते गोल दांडक्यासारखी. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ‘बेस’, एकमेकांपासून नव्वद फुटांवर. फटका मारून धावत बेस गाठायचे. चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला तर चारही बेस सावकाश फिरून यायचे. हा होमरन. क्रिकेटमध्ये जम बसला की फलंदाज दिवसभर खेळतो. इथे दहापैकी तीन वेळा फटका नीट लागला तरी माणूस थोर गणला जातो. ॲरनच्या हिशेबात धरल्या गेलेल्या १२,३६४ संधी. त्यांतल्या ३,७७१ साधल्या आणि ८,५९३ हुकल्या. इतकी रक्कम नावे टाकूनही दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन उभे राहायचे, हा या खेळाचा धर्म आहे. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे धाडस वाटते.

ॲरनचा जन्म ५ फेब्रुवारी १९३४ चा, अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराच्या गावी. घर कृष्णवर्णीय आणि गरीब. वडील गोदीत कामाला. चेंडू विकत घ्यायला पैसे नसत, तेव्हा पोरगा बाटल्यांची बुचे काठीने मारून हात बसवी. उजव्या बाजूने खेळणारा असूनही तो डावा हात वर धरी. तसे धरू नये, हे सांगणाराच कोणी नव्हता. गोऱ्यांच्या मोठ्या संघांची दारे तेव्हा काळ्या खेळाडूंना बंद होती. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला तेव्हा ती प्रथम उघडली. ॲरन त्या वेळी तेरा वर्षांचा होता. पाच वर्षांनी, १९५२ साली, तो इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात शिरला आणि गावोगाव हिंडू लागला.

त्याच हिंडण्यात संघ राजधानी वॉशिंग्टनला आला असता ही मुले एका उपाहारगृहात न्याहारीला बसली. खाणे झाले, बशा आत गेल्या, आणि आतून त्या फोडल्याचा आवाज येऊ लागला. काळ्या माणसांनी ज्यांत खाल्ले ती भांडी धुऊन पुन्हा वापरायची तिथे सोय नव्हती. ॲरनने पुढे आपल्या आत्मचरित्रात ही हकिकत सांगितली आहे.

मराठी वाचकाला हा आवाज परका वाटू नये. पळवणकर बाळू यांच्या डावखुऱ्या फिरकीने पुण्यामुंबईच्या मैदानांवर गोऱ्या साहेबांची भंबेरी उडे. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा या एका माणसाने ११४ बळी घेतले. परंतु पुण्यात खेळाच्या मध्यंतरी चहा आला, की आपल्याच संघातले लोक आत कपबशीतून पीत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. मातीचे भांडे फेकून देण्यासाठीच असते. चर्मकार समाजातल्या या थोर गोलंदाजाच्या वाट्याला हिंदू संघाचे कप्तानपद कधी आले नाही. इतक्या लांब कशाला जा? आमच्या गावच्या घरी अंगणालगतच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा घातलेला असे. तो कोणासाठी, हे आम्हां मुलांना कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हांला ते ठाऊक नव्हते असेही नाही. वॉशिंग्टनला बशी फोडीत. आमच्याकडे कप राखून ठेवीत. माणसाला जे सांगायचे ते दोन्हीकडे सांगून होत असे.

१९५४ साली ॲरन मिलवॉकीच्या ब्रेव्हज संघात आला तोही योगायोगाने. बॉबी टॉमसन नावाच्या नामांकित खेळाडूचा घोटा मोडला आणि जागा रिकामी झाली. तीन वर्षांनी, २३ सप्टेंबर १९५७ च्या रात्री, ॲरनच्या अकराव्या डावातल्या होमरनने मिलवॉकीला आपल्या लीगचे विजेतेपद मिळाले, आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यांवर उचलून नेले. त्याच दिवशी लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुले शाळेत जाऊ नयेत म्हणून गोऱ्यांचा जमाव शाळेबाहेर गर्दी करून उभा होता. एकाच देशातला हा एकच दिवस. पुढे न्यूयॉर्कच्या यांकीजना हरवून ब्रेव्हज जगज्जेते ठरले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ॲरन ठरला.

खरे सांगायचे तर मला त्याच्या खेळातली सर्वांत आवडती गोष्ट कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नाही. एका वर्षात पन्नास होमरन त्याने कधीच मारले नाहीत. त्याचा सर्वांत मोठा वार्षिक आकडा ४७. पण १९५५ पासून १९७४ पर्यंत, सलग वीस वर्षे, विसाच्या खाली तो एकदाही आला नाही, आणि त्यांतल्या पंधरा वर्षी त्याने तिशी गाठली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही आवर्ती ठेव होती. दर हप्ता वेळेवर. त्यामुळे बरीच वर्षे कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. आणि लक्ष गेले तेव्हा लोक दचकले. हा शांत माणूस बेब रूथच्या ७१४ च्या जवळ येऊन ठेपला होता.

बेब रूथ हे अमेरिकेचे दैवत. आडदांड, खादाड, दिलदार. १९२७ साली एका हंगामात साठ होमरन मारून त्याने साऱ्या देशाला वेड लावले होते. १९३५ साली तो निवृत्त झाला, तेही याच ब्रेव्हज संघातून, संघ तेव्हा बोस्टनला असे. दैवताच्या आकड्याला काळ्या माणसाचा हात लागणार, हे कित्येकांना सोसेना. त्यातून १९६६ पासून ब्रेव्हजचे बिऱ्हाड दक्षिणेत, अटलांटाला गेलेले. पत्रे येऊ लागली. १९७३ या एका वर्षात त्याला सुमारे ९,३०,००० पत्रे आल्याची नोंद टपालखात्याने केली. त्यांत प्रेमाची पुष्कळ होती, धमक्यांविषयी बातमी फुटल्यावर तर पूर आला. पण शिव्यांची आणि ठार मारण्याच्या धमक्यांची ढीगभर होती. विद्यापीठात शिकणाऱ्या त्याच्या मुलीला पळवून नेऊ, असेही लिहिलेले असे. तो मागच्या दारांनी ये-जा करू लागला. सोबत शस्त्रधारी पोलीस राहू लागला. १९७३ चा हंगाम ७१३ वर संपला आणि सबंध हिवाळा त्याने त्या एका आकड्याच्या अलीकडे, जिवाची खात्री नसताना काढला. निंबाळकरांच्या नऊ धावा मला आठवतात त्या इथे.

४ एप्रिल १९७४ रोजी सिनसिनाटीला नवा हंगाम सुरू झाला. सहा वर्षांपूर्वी याच तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. त्यांच्यासाठी क्षणभर स्तब्ध उभे राहावे, अशी ॲरनची विनंती होती. ती मानली गेली नाही. मग हंगामातल्या आपल्या पहिल्याच फटक्याला त्याने ७१४ वा होमरन मारला. चार दिवसांनी अटलांटाला ५३,७७५ माणसे जमली. लॉस एंजलिसच्या संघाचा अल डाउनिंग चेंडू फेकीत होता. दोघांच्याही पाठीवर ४४ हाच क्रमांक. चौथ्या डावात चेंडू कुंपणापार गेला. ॲरन बेस फिरत असताना दोन गोरे तरुण गर्दीतून उडी मारून त्याच्या दिशेने धावत सुटले. त्याच्या अंगरक्षकाजवळ दुर्बिणीच्या पेटीत पिस्तूल होते. क्षणभराचा प्रश्न. त्याने पेटी उघडली नाही. पोरांनी ॲरनची पाठ थोपटली आणि ती पळाली. शेवटच्या बेसवर त्याच्या आईने त्याला अशी मिठी मारली, की ती सुटेना. चित्रफितीत पाहणाऱ्याला ती आनंदाची मिठी वाटते. पोटचा पोर महिनोन्‌महिने बंदुकीच्या टप्प्यात वावरल्यावर आई त्याला कशी धरील, याचा विचार केला म्हणजे तिच्यात आणखीही काही दिसते. मैदानात उत्सव झाला तेव्हा ॲरनने, हे सारे एकदाचे संपले, म्हणून देवाचे आभार मानले. विक्रम केल्याच्या रात्री एखाद्या खेळाडूच्या तोंडी यापेक्षा उदास उद्गार आल्याचे माझ्या वाचनात नाही.

१९७६ साली तो निवृत्त झाला तेव्हा आकडा ७५५ वर थांबला. २००७ च्या ऑगस्टमध्ये बॅरी बाँड्सने तो ओलांडला. बाँड्सच्या विक्रमावर उत्तेजक द्रव्यांच्या संशयाचे सावट होते, तरी ॲरनने चित्रफितीवरून त्याचे सभ्यपणे अभिनंदन केले. आपल्याला ज्या अभिनंदनासाठी वाट पाहावी लागली, ते त्याने दुसऱ्याला वेळेवर दिले. २२ जानेवारी २०२१ रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, अटलांटालाच त्याचा अंत झाला.

होमरनचा विक्रम गेला, पण दुसरा एक अजून उभा आहे, आणि ॲरनला स्वतःला तोच अधिक मोलाचा वाटे. फटक्यांच्या जोरावर गाठलेले एकूण बेस ६,८५६. खोडीप्रमाणे मी गुणाकार केला. दर बेसचे नव्वद फूट धरले तर हे अंतर १८८ किलोमीटर भरते. म्हणजे बोरीबंदरला निघालेला माणूस घाट चढून पुणे स्टेशनच्या जरासा अलीकडे येऊन पोचला. नव्वद-नव्वद फुटांनी. तेवीस हंगामांत. आणि वाटेत कोणी पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचे याचा विचार करीत उभे असताना.

तो गेल्यावर मी त्याच्याविषयी पुष्कळ वाचले, आणि वाहनतळावरच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा मिळाले. ती द्वेषाची पत्रे ॲरनने जाळली नव्हती. आपल्या घराच्या माळ्यावर त्याने ती चाळीस वर्षे जपून ठेवली होती, विसर पडू नये म्हणून. कित्येकांना हा कडवटपणा वाटला. मला तो चोख हिशेबनीसपणा वाटतो. विक्रमांच्या पुस्तकांत फक्त जमेची बाजू छापतात. दुसरी बाजू ज्याने भरली, त्यालाच तिची कागदपत्रे सांभाळावी लागतात. आमच्या कोनाड्यातला तो कप पुढे केव्हा नाहीसा झाला, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.