त्या ‘मेर्सी’ची गोष्ट

तर झालं असं, की मे २०१९ मध्ये मी पॅरिसला होते. मास कॉमची शेवटची परीक्षा नुकतीच संपलेली आणि मामेभाऊ तिथे नोकरीला, त्यामुळे राहायचा खर्च शून्य. पहिल्याच दिवशी दादाने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. म्हणाला, ‘‘मेट्रो विसर, ही त्रोतिनेत घे!’’

स्कूटर म्हटल्यावर ॲक्टिव्हा डोळ्यांसमोर आणू नका. आपण लहानपणी एका पायाने ढकलत चालवायचो ना, तीच ही, फक्त मोटर लावलेली. कोड स्कॅन करा, एक युरो भरा, निघा. वर मिनिटागणिक पैसे. आणि पोचलात की? द्या सोडून, कुठेही! स्टँड नाही, पावती नाही. पुण्यात पार्किंग शोधण्यात अर्धं कॉलेज घालवलेल्या माझ्यासारखीला हा स्वर्गच वाटला.

चौथ्या दिवशी घाईत एका बेकरीसमोर मी स्कूटर फुटपाथवर अक्षरशः टाकली आणि आत गेले. बाहेर आले तर एक आजोबा तिच्यापाशी थांबलेले. हातात पांढरी काठी आणि ती काठी चाकात अडकलेली. नशीब, पडले नव्हते. मी धावत जाऊन काठी सोडवली, स्कूटर बाजूला ओढली. आजोबा हसून म्हणाले, ‘‘मेर्सी.’’

त्यांना वाटलं, कुणी भली मुलगी मदतीला आली. ती स्कूटर मीच टाकली होती, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. फ्रेंच येत नव्हतं, ही नुसती सबब. ॲपच्या हिशेबाने माझी राइड केव्हाच संपली होती.

तेव्हापासून जगात कुठेही या स्कूटर्सची बातमी आली, की मी वाचतेच. त्या वर्षी पॅरिसमध्ये डझनभर कंपन्या होत्या आणि स्कूटर्स सुमारे २० हजार. महापालिका जागी झाली ती नंतर. आधी दंड आले, मग फुटपाथवर पार्किंगला बंदी. २०२० मध्ये तीनच कंपन्या निवडल्या, प्रत्येकीला पाच हजार स्कूटर्स. रस्त्यावर पार्किंगच्या जागा आखून दिल्या. जून २०२१ मध्ये सीनच्या काठी एका तरुण इटालियन मुलीला स्कूटरने धडक दिली. एकाच स्कूटरवर दोघी होत्या. ती मुलगी वाचली नाही. त्यानंतर गर्दीच्या भागांत स्कूटरचा वेग आपोआप ताशी १० किलोमीटरवर येऊ लागला.

म्हणजे नियम आले होते. पण तोवर लोकांच्या डोक्यात राग बसला होता. २ एप्रिल २०२३ च्या रविवारी शहराने सरळ मतदान घेतलं. ८९ टक्के लोक म्हणाले, नको. गंमत म्हणजे मतदानाला आले होते जेमतेम साडेसात टक्के मतदार! दादाला मत नव्हतं, पासपोर्ट भारतीय. पण रोज स्कूटरवरून ऑफिसला जाणारे त्याचे फ्रेंच मित्र? तेही गेले नाहीत. ‘‘रविवारी कोण उठणार?’’ सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटर्स बंद. स्वतःची असेल तर चालवा.

याउलट सॅन फ्रान्सिस्को. २०१८ मध्ये तिथेही कंपन्या न विचारता रस्त्यावर उतरल्या. शहराने काही महिन्यांतच सगळ्यांना थांबवलं. परवाना मागा, मग बघू! पहिल्या फेरीत दोनच कंपन्यांना परवाना मिळाला, प्रत्येकी ६२५ स्कूटर्सचा. तेव्हा हे फार जाचक वाटलं असेल. पण तिथे या स्कूटर्स आजही भाड्याने मिळतात.

मला यातून एवढंच कळलं : नियम लवकर आले तर गाडी टिकते, उशिरा आले तर बंदी येते. आपल्याला नियम म्हटलं की कटकट वाटते. पण माझी सोय टिकवायचं काम तीच कटकट करते.

आता आपल्याकडे या. एमएमआरडीएने २०२० मध्ये बीकेसीत भाड्याच्या ई-बाइक्स आणल्या. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्राच्या नियमानुसार अशा गाडीला ना लायसन्स लागतं, ना नंबरप्लेट. मीटिंगला उशीर झालेल्या माणसाला आणखी काय हवं? पण नंबरप्लेट नाही, म्हणजे वाकडी लावलेली गाडी कुणाची, हे पोलिसाला बघून कळणार नाही. ते फक्त कंपनीला ठाऊक. म्हणून गाड्या किती, त्या लावायच्या कुठे आणि चुकलं तर जबाबदार कोण, हे शहराने गाड्या आणण्याआधीच ठरवायला हवं. आणि आपणही ते मागायला हवं, कारण गाडी वापरणारे आपणच. नाहीतर आपलंही पॅरिस होईल. राग येणारे मत द्यायला जातील आणि आपण झोपलेले असू.

तोवर मी माझ्यापुरतं एक करते. गाडी लावली की दोन पावलं मागे येते आणि फुटपाथकडे बघते. काठी घेतलेलं एक माणूस जाईल एवढी जागा आहे ना? नसेल तर गाडी सरकवते. मीटिंगला दोन मिनिटं उशीर होतो, होऊ दे.

ते ‘मेर्सी’ फेडायचं अजून बाकी आहे!