वणव्यानंतरची माती आणि मानधनावरची सेवा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत वणव्यानंतरचा पहिला मोठा पाऊस कित्येकदा आगीइतकाच घातक ठरतो. दक्षिण कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७ मध्ये पेटलेल्या थॉमस वणव्याने सांता बार्बरा परगण्यातील उतार बोडके केले, आणि आग पुरती आटोक्यात आल्याचे जाहीर होण्यापूर्वीच, ९ जानेवारी २०१८ रोजी, तेथे कोसळलेल्या पावसाने दगड, चिखल व जळके ओंडके यांचा लोंढा माँटेसिटो या वस्तीवर लोटून २३ जणांचा बळी घेतला. या लोंढ्याचे मूळ जळालेल्या मातीत असते. पाने व पाचोळा जळताना त्यांतील मेणासारखी द्रव्ये वायुरूप होऊन जमिनीत शिरतात आणि काही सेंटिमीटर खोलीवरील थंड कणांवर गोठून पाणी आत न मुरू देणारा थर तयार करतात. मातीच्या या गुणाला जलरोधकता म्हणता येईल. वर सैल राख, खाली हा थर आणि माती धरून ठेवणारी मुळे मेलेली, अशा उतारावर पाणी मुरण्याऐवजी धावू लागते व वाटेतील सर्व काही ओढून नेते.

या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकन वनसेवेची तातडीची पथके आग आटोक्यात येताच, किंबहुना अनेकदा त्याआधीच, जळालेल्या क्षेत्रात जातात. मृदातज्ज्ञ, जलतज्ज्ञ व अभियंते यांचा समावेश असलेली ही पथके उपग्रहचित्रांवरून माती कोठे किती होरपळली याचा नकाशा तयार करतात आणि प्रत्यक्ष जमीन उकरून तो पडताळून पाहतात. त्यानंतरचे काम मात्र हातांचे असते: भाताच्या किंवा गव्हाच्या पेंढ्याच्या जाळीबंद वळकट्या समपातळी रेषांवर आडव्या बसवणे, उघड्या मातीवर पेंढ्याचे किंवा लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन पसरणे, रस्त्याखालील मोऱ्यांत अडकलेला गाळ काढणे, वाटांवर कलंडू पाहणारी जळकी झाडे पाडणे. पूर्वी विमानातून गवताचे बी फेकण्यावर मोठा भर असे. परंतु असे पेरलेले गवत पहिल्या पावसाआधी क्वचितच पुरेसे उगवते आणि पुढे स्थानिक वनस्पतींची जागा अडवते, असे अभ्यासांतून दिसून आल्यावर धूप रोखण्यासाठी आच्छादनाला पसंती मिळू लागली.

अशा श्रमांसाठी तरुणांना मानधन देऊन ठराविक मुदतीपुरते उभे करण्याची प्रथा १९३३ पासूनची आहे. महामंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी स्थापन केलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमध्ये १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी काम केले. महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतील साधारणतः २५ डॉलर परस्पर घरी पाठवले जात. या दलाने ३०० कोटींच्या आसपास झाडे लावली, वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढल्या आणि आगीशी प्रत्यक्ष झुंजही दिली. मात्र त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय तरुणांना बहुतेक वेगळ्या छावण्यांत राहावे लागे. बेकारांना आधार देणारी ही योजना सर्व बेकारांना सारखे लेखत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात ही योजना बंद पडली, तरी तिची कल्पना मागे उरली. गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या कारकिर्दीत १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने स्वतःचे संवर्धन दल काढले आणि ‘कष्ट भरपूर, पगार तुटपुंजा, परिस्थिती बिकट’ या आशयाचे वाक्य अभिमानाने आपले ब्रीद म्हणून मिरवले. २०१७ च्या ऑक्टोबरात वणव्याने सँटा रोझा शहरातील वस्त्या जळाल्या, तेव्हा घरांच्या राखेतील विषारी द्रव्ये ओढ्यांत उतरू नयेत म्हणून पेंढ्याच्या वळकट्या बसवण्याच्या कामात या दलाचे सदस्यही होते. राष्ट्रीय पातळीवर १९९३ च्या कायद्याने अमेरिकॉर्प्स ही संस्था उभी राहिली आणि अनेक स्थानिक दलांना तिच्याकडून अनुदान मिळू लागले.

या व्यवस्थेतील मोबदल्याचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियाच्या दलात किमान वेतन मिळते. अमेरिकॉर्प्सच्या सदस्याला मात्र कायद्याने कर्मचारी मानले जात नाही, त्याला निर्वाहभत्ता मिळतो आणि १,७०० तासांची पूर्णवेळ सेवा संपल्यावर शिक्षणासाठी वेगळी रक्कम मिळते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने बांधबंदिस्तीसारख्या कामावरील मजुरीला हक्काचे रूप दिले. अमेरिकेतील या दलांनी तेवढ्याच कष्टाच्या कामाला सेवेचे रूप दिले. सेवा म्हटल्याने कामाला प्रतिष्ठा येते, प्रशिक्षणावर खर्च होतो आणि डोंगर कधी न पाहिलेला शहरी तरुणही तेथे पोहोचतो. परंतु त्याच नावाखाली कमी मोबदला आणि अल्प मुदत या दोन्ही गोष्टी सहज खपून जातात. वणव्यानंतरच्या वनलागवडीचे पुष्कळसे काम प्रत्यक्षात ठेकेदारांमार्फत तात्पुरत्या व्हिसावर आलेले मेक्सिको व मध्य अमेरिकेतील मजूर करतात, आणि त्यांच्या श्रमांना मात्र सेवा म्हटले जात नाही.

मुदतीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण जमिनीचे वेळापत्रक वेगळे असते. धूप रोखण्याची कामे पहिल्या एकदोन हंगामांची असली, तरी कॅलिफोर्नियातील सूचिपर्णी वन परत उभे करायचे तर त्याच बीजविभागातील, म्हणजे सारख्या हवामानाच्या पट्ट्यातील, व जवळपास त्याच उंचीवरील झाडांचे बी गोळा करावे लागते, ते ज्या वर्षी शंकू भरपूर धरतात त्याच वर्षी मिळते, मग रोपवाटिकेत एकदोन वर्षे जातात, आणि लावलेल्या रोपांभोवतीची झुडपे पुढेही काढत राहावी लागतात. नेवाडा व आयडाहो राज्यांतील सेजब्रश झुडपांच्या पठारांवर तर युरेशियातून आलेले चीटग्रास हे गवत जळक्या जमिनीचा ताबा घेते, उन्हाळ्याच्या तोंडीच वाळते आणि पुढच्या आगीला सरपण पुरवते. तेथे एका हंगामाच्या पेरणीने काही साधत नाही. ही कामे जाणणारा सदस्य तयार होतो न होतो, तोच त्याची मुदत संपते.

यावर एक मार्ग कायद्यात आहे: सार्वजनिक भूमीवर ६४० तासांची ठरावीक सेवा पूर्ण करणाऱ्या सदस्याला पुढील दोन वर्षे खुल्या स्पर्धेविना संघराज्य सरकारच्या नोकरीसाठी निवडता येते. परंतु हा मार्ग भरतीवर अवलंबून आहे आणि दले अनुदानावर. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेले अमेरिकन क्लायमेट कोअर हे दल जानेवारी २०२५ मध्ये गुंडाळले गेले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने मध्येच रद्द करण्यात आली. आग विझवण्यासाठी पैसा तातडीने उभा राहतो, कारण ज्वाळा दिसतात. गाळ, बी आणि तण यांच्यावरील खर्च मात्र पहिल्या काटकसरीत कापला जातो. म्हणून संवर्धन दलांचे मोजमाप लावलेल्या झाडांच्या वा पूर्ण केलेल्या तासांच्या आकड्यांवरून करणे अपुरे आहे. पाच वर्षांनी त्याच उतारावर परत जाऊन रोपांची तपासणी करणारी, त्या कामाची पुरेशी मजुरी मिळणारी किती माणसे या दलांतून तयार झाली, हा निकष लावला, तरच सेवेच्या नावाखाली झालेला खर्च जमिनीच्या कामी आला की नाही हे ठरवता येईल.