उमरी ते मिऱ्या, व्हर्जन ७

पुण्यातल्या माणसाला डोंगर, तळं आणि समुद्र एकाच दिवसात हवे असतील तर उत्तर ठरलेलं आहे. पहाटे पाचला निघा, मुळशीचा जलाशय बघत ताम्हिणी घाट उतरा, माणगावला नाश्ता करा आणि दुपारच्या जेवणाला दिवेआगर गाठा. आमच्या हापिसातल्या प्रत्येक टीमने हे एकदा तरी केलंय. फोटोसुद्धा साधारण तेच असतात.

मीही आई-बाबांना हेच सुचवलं होतं. नांदेडहून रात्रीच्या गाडीने पुण्याला या, एक दिवस आराम करा, मग मी तुम्हाला समुद्र दाखवतो. खर्च कमी, माझी सुट्टी कमी, सगळ्यांची दगदग कमी. एक्सेल शीटमध्ये हा पर्याय हिरव्या रंगात होता.

बाबा म्हणाले, "मला इकून जायचंय. उमरीपासून. मधे नकाशा तुटू द्यायचा नाही."

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. तीसेक वर्षं भूगोल शिकवला, आणि समुद्र पाहिलेला नाही. आता काचबिंदू आहे. ज्यांच्या घरी हा पाहुणा आलाय त्यांना माहीत असेल, गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून जी उरलीय ती टिकवायची, एवढंच हातात. आणि ती कडांनी जाते. समोरचं पेपरातलं अक्षर दिसतं, पण पायाखालची पायरी नाही. गेल्या तपासणीनंतर डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं नाही, काही चांगलंही सांगितलं नाही. घरी येऊन बाबांनी नकाशा काढला.

तर मंडळी, त्या नकाशात त्यांनी मला जे दाखवलं ते मॅपच्या निळ्या रेघेत दिसत नाही. मिऱ्या-नागपूर महामार्ग आमच्या नांदेडवरून जातो. उमरीहून नांदेडला पोचलं की लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत तोच रस्ता रत्नागिरीला मिऱ्याच्या किनाऱ्यावर संपतो. सहाशेच्या वर किलोमीटर. म्हणजे माझ्या दारापासून तासाभरावर समुद्राला जाणारा रस्ता होता आणि मी इतकी वर्षं त्याला फक्त 'लातूर रोड' म्हणत होतो!

बाबांचा खरा रस मात्र नद्यांत. नांदेडला गोदावरी ओलांडायची. मग मन्याड, लातूरच्या अलीकडे मांजरा. या दोघी शेवटी गोदावरीलाच मिळतात. सोलापूरनंतर भीमा, मिरजेपुढे कृष्णा, कोल्हापुरात पंचगंगा. हे सगळं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. अरबी समुद्र कोल्हापुरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी पंचगंगेचं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पार आंध्रापर्यंत जातं. आंबा घाटाचा माथा ओलांडला की मात्र ओढे पश्चिमेला वळतात आणि काजळी नदी रस्त्याच्या सोबतीने भाट्याच्या खाडीकडे जाते. "जिथं पाणी फिरतं ती जागा मला बघायची," बाबा म्हणाले. तिथे बघण्यासारखं काय असणार, हे मला माहीत नाही. बहुतेक एक वळण आणि भजीची टपरी.

पावसाचंही तसंच. नांदेडला साधारण ९०० मिलिमीटर, सांगोल्याकडे ५०० च्या आसपास आणि रत्नागिरीत ३००० च्या वर. आपण मराठवाड्याचे लोक दुष्काळाची मक्तेदारी आपलीच समजतो, पण या रस्त्यावर सगळ्यात कोरडा तुकडा मधला आहे. मिरजेला मात्र मला स्वतःला थांबायचंय. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे आली ती मिरजेहून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. माझी मावशी लातुरात राहते. तिच्याकडे अजूनही पाहुण्यांना अर्धाच ग्लास पाणी मिळतं, हवं तर परत मागायचं.

असो. हिरवा पर्याय लाल झाला आणि शीट नव्याने सुरू झालं.

पहिला नियम: अंधारात गाडी चालवायची नाही. मला चालेल, पण समोरच्या दिव्यांनी बाबांचे डोळे दिपतात आणि मग दहा मिनिटं ते गप्प बसतात. म्हणून पहिला मुक्काम सोलापूर, दुसरा कोल्हापूर, तिसऱ्या दिवशी घाट. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला हॉटेलात. चौपदरीकरणाची कामं जिथे चालू असतील तिथे किती वेळ जाईल याचा भरवसा नाही, म्हणून रोज दोन तास जास्तीचे धरलेत. (प्रोजेक्टमध्ये बफर मागितला की मॅनेजर हसतो. इथे मीच मॅनेजर आहे.)

दुसरा नियम थेंबांचा. रात्री नऊला, चुकवायचे नाहीत. फोडलेली बाटली साध्या तापमानाला चालते, पण उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे साधं तापमान नव्हे. थर्मासची छोटी पेटी घेतलीय. आईने त्यात दही ठेवता येईल का, हे विचारून झालंय.

तळी आपोआप मिळताहेत. सोलापूरच्या अलीकडे तुळजापूर रोडलाच हिप्परग्याचा तलाव, इंग्रजांच्या काळात बांधलेला. नंतर गावातला सिद्धेश्वर तलाव. आणि दुसऱ्या संध्याकाळी रंकाळा. त्याआधी उजनीला बासुंदी. (भीमेवरच्या धरणाची नव्हे, औसा तालुक्यातली उजनी. बासुंदीवाल्यांना हा फरक सांगावा लागत नाही.)

अडलंय ते तुळजापूरला. आईला दर्शन हवंच आहे, आणि भवानीचं देऊळ पायऱ्या उतरून खाली आहे. बाबांना पायऱ्या दिसत नाहीत. आई म्हणते, "मी धरते की त्यांना, तू कशाला काळजी करूलालास?" बाबा म्हणतात, मी गाडीत बसतो. या दोन वाक्यांवर घरात चार दिवस चर्चा झाली. सध्या शीटमध्ये असं आहे की पहाटे उमरी सोडायची, दुपारी उजेड भरपूर असताना तुळजापूर गाठायचं, मी पुढे आणि आई शेजारी. आणि गर्दी दिसली तर कळसाचं दर्शन. ही शेवटची ओळ आईला अजून दाखवलेली नाही.

आणि समुद्र. ज्याला विचारावं तो म्हणतो, सूर्यास्त चुकवू नका. आम्ही चुकवणार आहोत. कमी उजेडात बाबांना वाळू आणि पाणी वेगळं कळणार नाही. पश्चिमेचा किनारा सकाळी बघावा, ऊन पाठीमागून येतं आणि पाण्याचा रंग स्पष्ट दिसतो. म्हणून घाट उतरून तिसऱ्या दिवशी दुपारी नुसतं मुक्कामी जायचं, खोली तळमजल्याची. चौथ्या दिवशी सकाळी नऊला मिऱ्या, रस्ता संपतो तिथे. नंतर आरे-वारेचा किनारी रस्ता धरून गणपतीपुळे.

परतीला पुण्यापर्यंत गाडीने, पुढे त्यांना रेल्वेने नांदेड. बाबांना विचारलं, परत येताना नकाशा तुटला तर चालेल ना? म्हणाले, "चालेल. येताना मी झोपणारे."

मी गुरुवारी पुण्याहून एकटा उमरीला निघतोय. आज काल शाळेतल्या भिंतीवरून उतरवलेला, कडा फाटलेला महाराष्ट्राचा नकाशा बाबांनी सेलोटेप लावून गाडीसाठी तयार ठेवल्याचं कळलं. पुढच्या सीटवर कोण बसणार, हा वाद अजून मिटलेला नाही.