अर्धं मैदान

मागच्या महिन्यात आठवीच्या एका मुलीने विचारलं, "सर, खेळाच्या तासाला आम्ही कुठं खेळायचं?"

मी हजेरीपटात डोकं घातलं. उत्तर मला ठाऊक होतं. तास झाला की मुलं चेंडू घेऊन मैदानावर पळतात आणि मुली व्हरांड्यात बसून एकमेकींच्या हातावर मेंदी काढतात. त्यांना तिथं बसवणारा मीच. कारणही माझंच ठरलेलं, 'ऊन आहे.' जणू नेकनूरचं ऊन मुलांना लागतच नाही!

त्या रात्री मुंब्रा आठवला. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं तिथं जाऊन राहिली. त्या दाटीवाटीच्या वस्तीत २०१२च्या सुमारास सबाह खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'परचम' संस्थेने मुलींचा फुटबॉल सुरू केला. परचम म्हणजे झेंडा. हे नाव मजाज यांच्या शेरातलं, ओढणीचा झेंडा करायला सांगणाऱ्या. उर्दूच्या मास्तरला तो शेर वेगळा सांगावा लागत नाही. मुशायऱ्यांत मी त्याला भरभरून दाद दिलीय. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मुलींना व्हरांड्यात बसवलंय.

मुंब्र्यात मुली तयार होत्या, पण मैदानावर मुलांचा कब्जा. कुणी बुरखा पिशवीत ठेवून खेळायला यायची, कुणी घरी क्लासचं नाव सांगायची. संघात मुसलमान मुलींसोबत हिंदू मुलीही होत्या. मग या पोरींनी दारोदार जाऊन सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींकडे मागणी नेली, मुलींना खेळायला मैदान द्या.

आपल्याकडे विषय निघाला की गाडी लगेच कपड्यांवर येते. पण डोकं झाकून खेळायला फिफाने २०१४ मध्येच मुभा दिली. २०२३च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली. उलट इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली, ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. तिथं ना बुरखा होता ना मोहल्ला. प्रश्न मैदानाचाच होता.

अल्बानिया हा मुस्लिमबहुल देश. तिथल्या श्कोदर शहरातल्या व्लाझ्निया क्लबचा महिला संघ २०२२-२३ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचला. त्या देशाचा असा पहिलाच संघ. समोर चेल्सी, पॅरिस आणि रियल माद्रिद. सहाही सामने हरल्या. हसू येतं ते नावाचं. व्लाझ्निया म्हणजे भाऊबंदकी, अर्थात चांगल्या अर्थाची. आपल्याकडची कोर्टात जाते.

मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "पालक आले तर तुम्ही बोलायचं." म्हटलं, बोलतो.

गुरुवारी मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ मारली. मुलं कुरकुरली, "सर, अर्ध्यात मॅच कशी होणार?" मुलींच्या वाट्याला जुना चेंडू आला, तोही बसलेला. सायकलच्या दुकानातून पंप आणेपर्यंत निम्मा तास संपला. पंधराजणी उतरल्या, बाकीच्या व्हरांड्यातून बघत राहिल्या. प्रश्न विचारणारी गोलात उभी होती, ओढणी कमरेला करकचून बांधून.

दोन पालक येऊन गेलेत. तिसरे शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर भेटतो म्हणालेत.