नवेगावबांधच्या काठानें

आपला यवतमाळ जिल्हा काळ्या जमिनीचा व कापसाचा. पाण्याचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें विहीर, नाला किंवा नदी येते. तळें ही काय वस्तु आहे तें पुस्तकावरून पुरतें कळत नाहीं. त्याच्या काठानें चालावें लागतें. म्हणून गेल्या हिवाळ्यांत वरच्या वर्गांतील कांहीं मुलामुलींसह आम्ही गोंदिया जिल्ह्यांतील नवेगावबांध पाहावयास गेलों.

वाट अगदीं सोपी. पाळीवरून चालूं लागलें कीं एका अंगास दूरवर पसरलेलें पाणी, दुसऱ्या अंगास धान कापून नेलेल्या मोकळ्या बांध्या. पुढें साग, ऐन व मोह यांची सावली लागते. पाण्यावर बदकांचे थवे बसलेले असतात. मोठ्यानें बोललें कीं सारा थवा एकदम उठतो. त्यामुळें एरवीं वर्गांत शांत न बसणारीं मुलें तेथें आपण होऊन कुजबुजत चाललीं!

हें तळें निसर्गानें नव्हे, तर माणसांनीं केलें, हें सांगतांच सर्वांस नवल वाटलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें टेकड्यांमधील सखल जागा पाळ घालून अडविली, असें सांगतात. कोहळी ही जात तळीं बांधण्यांत निष्णात म्हणून प्रसिद्ध आहे. कोलूचें ठाणें जवळच्या टेकडीवर असून लोक त्यास कोलासुर देव म्हणून मानतात. पुढें मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून येथें वास्तव्य केलें आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक लिहिलें. १९७५ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें.

चालतां चालतां एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, आतां हें तळें कोणाचें?”

प्रश्न लहान, पण उत्तर सोपें नाहीं. शेतकरी म्हणेल, माझ्या धानाचें. ढिवर म्हणेल, माझ्या जाळ्याचें. कागद म्हणेल, सरकारचें. पूर्व विदर्भांत अशीं हजारों लहानमोठीं तळीं आहेत. पूर्वीं मालगुजार व गांवकरी मिळून त्यांची देखरेख करीत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली व तळीं सरकारकडे आलीं. मालगुजारी गेली हें न्यायाचेंच झालें; परंतु तिच्याबरोबर दरसालची डागडुजीहि पुष्कळ ठिकाणीं मागें पडली. गाळ सांचला, काठीं बेशरम माजली, आणि पांखरें ज्यावर जगतात तें देवधान कमी झालें. तळें सर्वांचें झालें, पण काळजी कोणाचीच राहिली नाहीं.

आम्हीं त्या मुलीस इतकेंच सांगितलें कीं, जो पाळीवर टोपलीभर माती टाकील त्याचें हें तळें. कोलूनें पाळ एकदां बांधली. पण ती आजवर टिकली ती पिढ्यान् पिढ्या नांव न ठेवतां गेलेल्या हातांनीं माती टाकली म्हणून.

पालकांस आमची विनंति आहे कीं, सुटींत मुलांना घेऊन आपल्याच गांवच्या तळ्याकांठीं किंवा जुन्या विहिरीपाशीं एक फेरी मारावी. तें पाणी कोणीं अडविलें व गाळ शेवटीं केव्हां काढला, हें गांवांतील वृद्धांस विचारावें. उत्तर मिळालें तर वहींत लिहून ठेवावें. आणि गाळ कोणीं काढलाच नसेल, तर टोपली घेऊन पहिल्यानें आपणच जावें.