श्रामणेराचा व्हिडिओ कोणासाठी?



दिवाळीच्या सुट्टीत घाटंजीला आमच्या विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर होतं. केशवपनाच्या दिवशी मोबाईल माझ्याच हातात होता. डोक्यावरून वस्तरा फिरू लागला तसे अकरा वर्षांच्या एका मुलाचे डोळे भरून आले. मी ते टिपलं, मागे भीमगीत लावलं आणि रील टाकून दिली. संध्याकाळपर्यंत 'साधू साधू साधू'च्या कमेंट्सनी मोबाईल भरला. दुसऱ्या दिवशी त्याची आई कापूस वेचून थेट विहारात आली.

"दादा, माह्या पोराचं रडणं साऱ्या गावाले कायले दाखवलं जी? शाळा उघडली का पोट्टे चिडवतीन त्याले."

मी रील काढून टाकली. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या मला संमतीचा अर्थ एका शेतमजूर बाईने शिकवला.

खरं तर तो धम्मात आधीपासूनच आहे. राहुल हा संघातला पहिला श्रामणेर. त्याच्या प्रव्रज्येनंतर आजोबा शुद्धोदनाने तथागतांकडे मागणी केली की आईवडिलांच्या परवानगीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ती मान्य करून विनयात तसा नियम केला. चीवर देताना संमती लागते, तर चीवरातल्या मुलाचा चेहरा जगभर पाठवताना का नको?

काही ज्येष्ठ म्हणतात, श्रामणेरांना मोबाईलपासून दूरच ठेवा, दहा शीलांत नृत्य-गीत-वाद्य आणि खेळतमाशे वर्ज्य आहेत. हे मला अर्धंच पटतं. माझी रील हा तमाशाच होता. श्रामणेराच्या चेहऱ्याखाली दानाचा क्यूआर कोड लावणं तर सोनं-चांदी न स्वीकारण्याच्या दहाव्या शीलाचीच थट्टा. पण धम्म सांगणं हा तमाशा नव्हे. बुद्धांनी भिक्खूंना वेगवेगळ्या दिशांना पाठवलं ते लोकांत धम्म नेण्यासाठीच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत विचारलंय: भिक्खू कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? आणि आपलं म्हणणं आपणच मांडायचं म्हणून त्यांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. मग आपल्याच मुलांना आपण कॅमेऱ्यापुढे मुकं का उभं करतो?

शिबिराच्या उरलेल्या दिवसांत आम्ही उलटं केलं. पालकांना विचारून, भंतेजींच्या देखरेखीत, रोज अर्धा तास मोबाईल मुलांकडे दिला. फक्त आवाज, चेहरा नाही. १९५६ साली सात वर्षांची असलेल्या एका आजीला त्याच मुलाने विचारलं, "घरातले देव कुठं टाकले, आजी?" आजी म्हणाली, "नाल्यात सोडले बाप्पा. पण माही माय रातभर झोपली नाही." पोरं गप्प झाली. धर्मांतराला किती धैर्य लागलं असेल, हे माझ्या कोणत्याही भाषणातून त्यांना कळलं नसतं.

त्या ध्वनिफितीला फार लाईक्स मिळाले नाहीत. पण ती काढून टाका म्हणायला कुणाची आई आली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. मुलाला आणि आईवडिलांना आधी विचारा. त्यांनी नको म्हटलं की काढून टाका. मुलाच्या नावावर पैसा मागू नका. आणि त्याला पाठ केलेलं बोलायला लावण्यापेक्षा प्रश्न विचारू द्या. दहा दिवसांनी चीवर उतरतं, व्हिडिओ मात्र राहतो.

नमो बुद्धाय.