मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या कधीच पुरल्या नाहीत. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की कुणाला मोटरसाठी ६ व्होल्ट हवे असतात, कुणाला रिलेसाठी १२, कुणाला सेन्सरसाठी बरोबर ५. मुलं सेल जोडून-तोडून वेळ मारून नेतात आणि ऐन परीक्षकांसमोर बॅटरी मान टाकते. बाजारात तयार सप्लाय मिळतो, पण मला मुलांसमोर झाकण उघडून आतली प्रत्येक वस्तू दाखवता येईल असा हवा होता. म्हणून भंगारातून करायला घेतला.

आधी घरातला जुना स्टॅबिलायझर डोळ्यासमोर आला. त्यातला ट्रान्सफॉर्मर चांगला दणकट असतो. पण साध्या स्टॅबिलायझरमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे येणारी आणि जाणारी बाजू एकाच तारेच्या गुंडाळीवर. मल्टिमीटर लावला की दोन्हींमध्ये सरळ बीप येतो. अशा ट्रान्सफॉर्मरवर केलेल्या सप्लायच्या टर्मिनलला मुलाचा हात लागणं म्हणजे घरातल्या मेन लाइनला हात लागणं. शाळेत तो विषयच संपला.

खरा ऐवज मिळाला तो गावातल्या मंडळाकडे. गणपतीत वर्षानुवर्षं वाजलेला, ट्रान्झिस्टर उडालेला अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर पडून होता. अध्यक्ष म्हणाले, "सर, न्या की. पोरांच्या कामाला येतोय, अजून काय पाहिजे?" आत १२-०-१२ चा, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, मागच्या बाजूला पंख्यांच्या पात्यांसारख्या कडा असलेला भला मोठा हीटसिंक, फ्यूजची जागा आणि स्पीकरची लाल-काळी टर्मिनल्स. वर पत्र्याची पेटी आयतीच. फक्त वायर दोन पिनांची होती. ती काढून कॉम्प्युटरच्या बंद पडलेल्या एसएमपीएसचं तीन पिनांचं सॉकेट बसवलं आणि अर्थिंगची तार पेटीच्या पत्र्याला रंग खरवडून, नटबोल्टने पक्की आवळली. या कामात कुणी कंजुषी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रान्सफॉर्मर थेट प्लगला न लावता आधी १०० वॅटच्या साध्या बल्बबरोबर सीरीजमध्ये लावला. बल्ब लख्ख पेटला तर गुंडाळी आतून शॉर्ट आहे असं समजायचं. आमच्या बल्बची तार नुसती तांबूस झाली आणि विझल्यासारखी राहिली. माल शाबूत होता.

पुष्कळांना वाटतं की व्होल्टेज कमी-जास्त करणं हा यातला अवघड भाग. ते काम एलएम ३१७ नावाचा तीन पायांचा आयसी करतो. बॉब डॉबकिन यांनी नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये असताना १९७६ मध्ये तो रचला आणि आजही तो दहा-वीस रुपयांच्या आसपास कुठेही मिळतो. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये तो कायम सव्वा व्होल्ट राखतो, बस्स. त्या दोन पायांमध्ये १२० ओहमचा रोध लावला की त्यातून सुमारे १० मिलिअँपिअर वाहतात आणि तेवढेच पुढे फिरवायच्या रोधातून जातात. तो २ किलोओहमचा असला की सव्वापासून २२ व्होल्टपर्यंत काटा फिरतो. पुष्कळ आकृत्यांत १२० च्या जागी २४० ओहम दाखवतात. पण या आयसीला शिस्तीत चालायला कधी कधी १० मिलिअँपिअरचा किमान भार लागतो, म्हणून मी १२० च घेतो.

अवघड आहे ती उष्णता. सगळी २४ व्होल्टची गुंडाळी वापरली तर रेक्टिफायर आणि कपॅसिटरनंतर, भार असताना, सुमारे ३० व्होल्ट मिळतात. मुलाला ५ व्होल्टला १ अँपिअर हवा असेल तर उरलेले २५ व्होल्ट आयसीने पचवायचे, म्हणजे २५ वॅट. सोल्डरिंगची इस्त्री तेवढ्याच वॅटची असते आणि तिच्यावर कथील वितळतं. आयसी नखाएवढा. तो जळत नाही, आत संरक्षण आहे, पण तापला की हात आखडता घेतो आणि व्होल्टेज कोसळतं. उपाय ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेतच होता. दर्शनी बाजूला एक टॉगल स्विच बसवला. खाली असताना रेक्टिफायरला १२ ची अर्धीच गुंडाळी मिळते, वर केला की पूर्ण २४. अर्ध्या गुंडाळीवर तेच ५ व्होल्ट घेतले तर ९ वॅटवर भागतं. साधारण ७ व्होल्टपर्यंत स्विच खालीच ठेवायचा. त्याच्या लगेच वर, ८-१० व्होल्टला, उष्णता सर्वांत जास्त होते. तिथे अर्ध्या अँपिअरवर थांबायचं असं पेटीवरच लिहून ठेवलंय.

हीटसिंकवर आयसी बसवणं हे मला या सगळ्यातलं सर्वांत आवडतं काम. एलएम ३१७ ची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते, म्हणून ती हीटसिंकला टेकता कामा नये, तरी तिची उष्णता मात्र हीटसिंकला पोहोचली पाहिजे. मध्ये अभ्रकाची पारदर्शक चकती घालतात. जुन्या ट्रान्झिस्टरखालची चकती ब्लेडने अलगद सोडवली, स्पिरिटने पुसली, उजेडात धरून भेग नाही ना ते पाहिलं. दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट इतकी पातळ लावायची की खालचा धातू दिसत राहिला पाहिजे. स्क्रूला प्लास्टिकची बुशी. आवळून झाल्यावर एक टोक पाठीला, एक हीटसिंकला लावायचं. मल्टिमीटर गप्प राहिला पाहिजे.

सगळंच भंगारातलं घेतलं नाही. फिल्टरचा कपॅसिटर आणि फिरवायचा रोध मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून नवे आणले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नुसता पडून राहिला तरी वाळतो. आमच्याकडे रात्री लाइन २५० च्या वर जाते, तेव्हा भार नसताना कपॅसिटरवर ३६-३७ व्होल्ट चढतात. म्हणून ४७०० मायक्रोफॅरडचा, ६३ व्होल्टचा घेतला. अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाची बटणं या कामाची नाहीत. ती कानाच्या हिशेबाने बनवलेली असतात, सगळं व्होल्टेज एका टोकाला दाटतं. शिवाय रोधाची वाट मध्येच तुटली तर आउटपुट एकदम वर उडी मारतं, त्यामुळे झिजलेला भाग इथे नकोच.

आणि मुलांसाठी जे सर्वांत महत्त्वाचं, ती करंटची मर्यादा. पहिल्या आयसीच्या आधी दुसरा एलएम ३१७ लावला. त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमध्ये १२ ओहम असले तर तो १०० मिलिअँपिअरच्या वर जाऊच देत नाही, १.२ ओहम असले तर मर्यादा १ अँपिअर. बदलायला एक स्विच. यात काही व्होल्ट वाया जातात, ते खुशाल जावोत.

दहावीतल्या एका मुलीने स्वतः जोडलेला पावसाच्या इशाऱ्याचा बोर्ड पहिल्यांदा याच सप्लायवर, १०० मिलिअँपिअरवर लावला. ९ वर ठेवलेलं व्होल्टेज दीडवर आलं. "सर, सप्लाय बिघडला," ती म्हणाली. मी म्हटलं, बोर्ड काढून बघ. काढला की पुन्हा ९. मग भिंग घेऊन बसली आणि ट्रान्झिस्टरच्या दोन पायांमध्ये कथलाचा केसाएवढा पूल तिनेच शोधला. कुठलाच भाग जळला नव्हता. बॅटरीवर लावला असता तर ट्रान्झिस्टर बहुतेक गेला असता आणि कारणही कळलं नसतं.

आता मुलांना ऑप-अ‍ॅम्पसाठी उणे व्होल्टेजही हवंय. त्याला एलएम ३३७ चालेल, पण मधली तार आम्ही टॉगलला दिली असल्याने दुसरा ट्रान्सफॉर्मर लागेल. शेजारच्या वाडीच्या मंडळाकडेही एक अ‍ॅम्प्लिफायर पडून आहे असं कळलंय. या रविवारी मुलांना घेऊन तो बघायला जाणार आहे.